कॅमेऱ्याची कंपनी बदलण्यापूर्वी

लग्नसराई ओसरली की फोटोग्राफीवर पोट असलेल्या आपल्या तरुणांमध्ये एक विषय हटकून निघतो. निकॉनवाला म्हणतो, सगळे विकून सोनी घेतो. कॅननवाला म्हणतो, सोनीवाल्यांना ऑर्डरी जास्त मिळतात. दुकानदार तर वाट पाहतच बसलेला असतो. तो जुना कॅमेरा उलटासुलटा करून पाहतो, एक आकडा सांगतो आणि नव्याचा डबा काउंटरवर ठेवतो. मालेगाव, भिवंडी, सोलापूर, मिरज अशा गावांतून ज्यांचा वर्षाचा निव्वळ नफा दोन-अडीच लाखांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हा शौकाचा सवाल नाही. नको तेव्हा कंपनी बदलली तर वर्षभराची कमाई त्यात जाते; आणि बदलायला हवी होती तेव्हा बदलली नाही तर कामे दुसऱ्याच्या दारात जातात. या दोन्ही बाजू तोलायच्या कशा, एवढ्यापुरता हा लेख आहे.

मी कापडाचा व्यापारी. साड्या आणि ड्रेस मटेरियलचे फोटो काढून घेण्याच्या निमित्ताने या मंडळींशी नेहमीचा संबंध येतो, आणि धंदा कोणताही असला तरी वहीत हिशोब सारखाच मांडावा लागतो. तसवीर जायज की नाजायज, हा मसला उलेमांचा आहे. त्यात मी पडत नाही. आज आपल्या वस्त्यांतून कितीतरी घरांची चूल या कामावर पेटते, एवढे खरे.

पैसा बॉडीत नसतो

पहिली गोष्ट अशी की, कॅमेरा म्हणजे हातात दिसते ती बॉडी, असे समजून हिशोब केला जातो आणि तिथेच तो बिघडतो. माग बदलण्याचा अनुभव असलेल्यांना हे लवकर समजेल. साधा पॉवरलूम काढून रॅपियर बसवला की मागाची किंमत तर द्यावी लागतेच, पण वर्षानुवर्षे जमवलेले धोटे आणि कांड्याही भंगारात जातात, कारण रॅपियरला धोटा लागतच नाही. कॅमेऱ्यात तो धोटा म्हणजे लेन्स. चार-पाच वर्षे काम केलेल्या फोटोग्राफरच्या बॅगेत बॉडी एक असते, लेन्स तीन असतात, शिवाय फ्लॅश, बॅटऱ्या, चार्जर, ट्रिगर. बॉडी दरवर्षी उतरते. चांगली लेन्स नीट ठेवली तर दहा-पंधरा वर्षेही काम देते. कंपनी बदलताना बॉडीचा घाटा थोडा असतो. खरा घाटा लेन्सचा.

लेन्स ज्या बैठकीवर बसते तिला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीची बैठक निराळी, आणि एकाच कंपनीच्या दोन बैठकीही निराळ्या असू शकतात. म्हणून आपण म्हणतो की कंपनी बदलली, पण प्रत्यक्षात माउंट बदललेला असतो. हा भेद लक्षात ठेवला पाहिजे, कारण पाटी तीच ठेवून कंपन्यांनीही हा खेळ केलेला आहे. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला तेव्हा त्यांच्याच जुन्या एफडी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालेनाशा झाल्या. निकॉनने १९५९ चा एफ माउंट मात्र कायम ठेवला. मिनोल्टा हे एके काळचे मोठे नाव. कोनिकाशी एक होऊनही २००६ साली त्यांनी कॅमेऱ्याचा धंदा सोडला आणि तो सोनीकडे गेला. पुढे त्याच ए माउंटचे कॅमेरे सोनीनेही २०२१ साली बंद केले. ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग १ जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. कॅननने २०१२ साली ईएफ-एम नावाचा छोटा माउंट काढला, तोही बंद पडला आणि त्याच्या लेन्स कॅननच्याच नव्या आरएफ कॅमेऱ्यावर बसत नाहीत. सांगायचा मुद्दा, ‘मी पहिल्यापासून अमुक कंपनीचा माणूस’ असे म्हणण्यात काही अर्थ नाही. कंपनी आपली वफादारी वहीत जमा धरत नाही.

२०१८ साली निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ असे नवे माउंट आणले. हे आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे. सोनी या रस्त्यावर आधीच होता. त्यांचा ई माउंट २०१० चा आणि त्यावरचा पहिला फुल फ्रेम ए-७ हा २०१३ चा. कॅनन आणि निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले. म्हणजे ज्याच्याकडे आज डीएसएलआर आहे, त्याचा माउंट आज ना उद्या बदलणारच आहे, मग तो कंपनी बदलो वा न बदलो. प्रश्न एवढाच उरतो की तो कोणत्या रस्त्याने बदलला तर कमी पैसे जातात आणि कधी.

जुनी लेन्स नव्यावर बसते कशी

येथे थोडी तांत्रिक बाब समजून घ्यावी लागेल. हजारोंचा फरक तिच्यावर अवलंबून आहे. लेन्सच्या बैठकीपासून आत सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफमध्ये ४४. मधला आरसा निघून गेल्यामुळे मिररलेसमध्ये हे अंतर कमी झाले: कॅनन आरएफ २०, सोनी ई १८, निकॉन झेड १६. आता जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावायची तर मध्ये तेवढ्या फरकाची एक नळी बसवली की काम झाले. तिला अॅडॉप्टर म्हणतात. उलट मात्र होत नाही. कॅननची ईएफ लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर नीट चालणार नाही, कारण अंतर आधीच जास्त आहे. नळी लावून ते कमी कसे करणार?

नळी बसली म्हणजे ऑटोफोकस चालला असे समजू नये. कॅननची ईएफ लेन्स कॅननच्याच अॅडॉप्टरवर आरएफ बॉडीला लावली तर ती घरच्यासारखी चालते. निकॉनमध्ये एक फट आहे. एएफ-एस लिहिलेल्या लेन्समध्ये मोटर आत असते, त्या निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर झेड बॉडीला व्यवस्थित फोकस करतात. परंतु नुसते एएफ किंवा एएफ-डी लिहिलेल्या जुन्या लेन्स बॉडीतल्या मोटरच्या स्क्रूने फिरतात. एफटीझेडमध्ये ती मोटर नाही, त्यामुळे फोकस हाताने करावा लागतो. वरातीत, गर्दीत, हाताने फोकस करून धंदा होत नाही. आपल्याकडे ८०-२०० एएफ-डी ही भक्कम लेन्स अनेकांनी जुन्यात स्वस्त घेतलेली आहे. त्यांनी बॅगेतल्या प्रत्येक लेन्सवरची अक्षरे आधी वाचावीत.

कंपनी ओलांडून जायचे तर कॅननवाल्याला सोनीकडे जाण्यासाठी अर्धा पूल आहे. ईएफ लेन्स सोनीवर चालवणारे अॅडॉप्टर मिळतात. सिग्माने २०१६ साली काढलेला एमसी-११ त्यांपैकी प्रसिद्ध. फोटोपुरते त्यावर निभते, पण प्रत्येक लेन्स सारखी चालत नाही आणि व्हिडिओत फोकस अडखळतो. निकॉनवाल्याला सोनीकडे जाताना तेवढाही आधार नाही असे धरून चालावे.

आणखी एक गफलत नेहमी होते. ज्याच्याकडे छोट्या सेन्सरचा कॅमेरा आहे, निकॉनचा डीएक्स वा कॅननचा ईएफ-एसवाला, तो सोनीचा फुल फ्रेम घ्यायला निघतो आणि खर्चाचा दोष कंपनी बदलण्याला देतो. खरे तर तो दोन उड्या एकदम मारत असतो. त्याच्या डीएक्स लेन्स निकॉनच्याच फुल फ्रेमवर लावल्या तरी सेन्सरचा मधला तुकडाच वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. अशा माणसाला कंपनी कोणतीही ठेवली तरी लेन्स नव्याने घ्यावीच लागते. म्हणून त्याच्या बाबतीत कंपनी बदलण्याचा जादा घाटा थोडाच असतो. तसेच ज्याच्याकडे बॉडीसोबत आलेल्या किट लेन्सशिवाय काही नाही, त्याने खुशाल हवी ती कंपनी निवडावी. त्याच्या बॅगेत वाचवण्यासारखे काही नाही.

वहीतला हिशोब

आता एक उदाहरण मांडू. यातले भाव हिशोबापुरते धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातले भाव घालून पाहावेत. रीत मात्र हीच ठेवावी.

एका फोटोग्राफरकडे निकॉन डी-७५० बॉडी, २४-१२० एएफ-एस, ५० एमएम एएफ-एस, ८०-२०० एएफ-डी, एक निकॉन फ्लॅश आणि तीन बॅटऱ्या आहेत. सगळे एकगठ्ठा दुकानदाराला दिले तर समजा ७५,००० रुपये येतात. सुटे सुटे ग्राहक शोधून विकले तर ९०,००० पर्यंत जातील, पण त्याला दोन-तीन महिने लागतील. आता सोनीकडे जायचे. जुन्यात ए-७ मार्क थ्री बॉडी ८०,०००, टॅमरॉन २८-७५ ४२,०००, एक ८५ एमएम २८,०००, टॅमरॉन ७०-१८० ६०,०००, सोनीच्या बुटाचा फ्लॅश १४,०००, दोन बॅटऱ्या १०,०००. बेरीज २,३४,०००. जुन्याचे ७५,००० वजा केले तर खिशातून १,५९,००० गेले. आणि एवढे करून त्याच्याकडे बॉडी एकच. लग्नात एक बॉडी घेऊन जाणारा फोटोग्राफर म्हणजे स्टेपनीशिवाय घाटात निघालेला ट्रकवाला.

दुसरा रस्ता निकॉनमध्येच राहण्याचा. झेड-५ बॉडी जुन्यात समजा ६५,०००, एफटीझेड अॅडॉप्टर १०,०००. २४-१२० आणि ५० त्यावर चालतात, फ्लॅश चालतो, कार्डे तीच, आणि बॅटऱ्याही त्याच जातीच्या असल्यामुळे चालतात, फक्त मिररलेसवर लवकर उतरतात. ८०-२०० मात्र काढावी लागेल. ती १८,००० ला गेली आणि ७०-२०० एएफ-एस जुन्यात ५०,००० ला घेतली तर ३२,००० वरून गेले. एकूण १,०७,०००, आणि डी-७५० दुसरी बॉडी म्हणून घरातच राहिला.

तिसरा रस्ता सांगितला तर तरुण मंडळी नाक मुरडतात. आणखी एक डी-७५० जुन्यात, ४०,००० ला. सगळ्या लेन्स चालतात, शिकायचे काही नाही. डीएसएलआरची हवा गेल्यामुळे त्यांच्या लेन्सचे भाव उतरले आहेत. विकणाऱ्याला ते दुःख आहे. घेणाऱ्याला तीच संधी. विशेषतः एएफ-एस किंवा ईएफ लेन्स आज जुन्यात घेतली तर उद्या अॅडॉप्टरवर ती मिररलेसलाही चालणार आहे, म्हणजे तो पैसा बुडत नाही.

खर्चाची बाजू झाली, आता जमेची. पहिल्या रस्त्याचे १,५९,००० तीन वर्षांत, वर्षाला ३० लग्ने धरून, ९० कामांवर वाटले तर दर कामाला सुमारे १,७७० रुपये पडतात. सोनी आणला म्हणून नवरदेवाचा बाप १,७७० रुपये जास्त देणार आहे काय? माझ्या पाहण्यात तरी गिऱ्हाईक अल्बम पाहते, कॅमेऱ्यावरचे नाव पाहत नाही. परंतु समजा हाच फोटोग्राफर व्हिडिओच्या कामासाठी वर्षातून २० दिवस सोनी भाड्याने आणतो आणि दिवसाला २,५०० मोजतो. वर्षाचे ५०,००० झाले, तीन वर्षांचे दीड लाख. म्हणजे बदलाची जवळजवळ सगळी किंमत तो भाड्यातच देऊन बसला आहे. अशा माणसाने बदलण्यात काही गैर नाही. भाड्याच्या पावत्या ज्याच्याकडे जमल्या आहेत त्याला निर्णयासाठी कुणाला विचारायची गरज नाही; आणि ज्याच्याकडे एकही पावती नाही, त्याने आधी चार दिवस भाड्याने आणून पाहावा. दुकानात नव्हे, प्रत्यक्ष निकाहाच्या मंडपात, रात्रीच्या उजेडात, आपल्याच लग्नाच्या कामात.

बदलून खरोखर काय मिळते

मिररलेसचा सर्वात मोठा फायदा डोळ्यावर फोकस धरण्याचा. डीएसएलआरमध्ये भिंगातून पाहताना फोकसचे ठिपके चौकटीच्या मधल्या भागात गोळा झालेले असतात. मिररलेस चौकटीच्या कडेलाही डोळा शोधून धरून ठेवतो. सोनीच्या ए-७ मार्क थ्रीला ही सोय २०१९ च्या सुधारणेत आणखी पक्की झाली. वधू चालत येत असताना याचा उपयोग होतो. मात्र सेहऱ्याच्या फुलांआड नवरदेवाचा चेहरा असला की कोणत्याही कंपनीचा कॅमेरा फुलांवरच फोकस धरायला पाहतो. तिथे फोटोग्राफरचाच हात लागतो.

दुसरा फायदा आवाजाचा. निकाहाचा खुतबा चालू असताना खटखट होत नाही, विशेषतः मस्जिदीत हे बरे वाटते. पण हा बिनआवाजी शटर एलईडीच्या उजेडात वापरला तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात, आणि आज हॉलमध्ये एलईडीशिवाय दिवा नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही.

तिसरा फायदा व्हिडिओचा. येथे फरक मोठा आहे. डी-७५० फुल एचडीपर्यंतच जातो. झेड-५ वर फोर-के आहे, पण चित्र बरेच कापून येते, त्यामुळे अरुंद खोलीत रुखसतीचा प्रसंग घ्यायला तो अडचणीचा. ए-७ मार्क थ्री पूर्ण रुंदीत फोर-के देतो. ज्याचे निम्मे काम व्हिडिओचे आहे, त्याच्यासाठी वरच्या हिशोबातला दुसरा रस्ता स्वस्त दिसला तरी कामाचा नाही.

जुने सोडले तर काय जाते, तेही पाहावे. कंपनीच्या मोजणीप्रमाणे डी-७५० एका बॅटरीत १,२३० फोटो देतो, ए-७ मार्क थ्री साधारण ७००. भारनियमनाच्या गावात हा आकडा लहान नाही. अंधारातल्या फोटोबद्दल सोनीची वाहवा होते. पण निकॉनच्या कित्येक कॅमेऱ्यांतला सेन्सर सोनीनेच बनवलेला असतो, तेव्हा एकाच काळातल्या दोन बॉडींत तो फरक शोधूनही सापडत नाही. रंगाची चर्चाही मला बरीचशी पोकळ वाटते. आमच्या धंद्यात राणी, मरून आणि जांभळा हे रंग कुठल्याच कॅमेऱ्यात पहिल्या फटक्यात बरोबर येत नाहीत. ज्याला प्रकाश आणि व्हाइट बॅलन्स कळतो त्याच्याकडे बरोबर येतात. मात्र एडिटिंगची बसलेली घडी मोडते, हे खरे. वर्षानुवर्षे केलेली सेटिंग नव्या फाइलवर बसत नाही, आणि जुने सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडतच नाही. मग सॉफ्टवेअर नवे, त्यासाठी संगणकाची मेमरी जास्त. हा खर्च डब्यावर छापलेला नसतो.

सोनीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्यांनी २०११ सालापासून आपल्या माउंटची माहिती दुसऱ्या लेन्स कंपन्यांना खुली केली. त्यामुळे टॅमरॉन, सिग्मा यांच्या किफायतशीर लेन्स त्यावर भरपूर आहेत आणि जुन्या बाजारातही फिरतात. निकॉन झेडवर टॅमरॉन २०२२ पासून येऊ लागले. कॅननने आरएफचे दार सिग्मा आणि टॅमरॉनला २०२४ साली, तेही सुरुवातीला छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरते उघडले. कमी पैशात पुढची दहा वर्षे लेन्स जमवायच्या असतील तर याचा विचार करावा.

आणि एक कारण कुठल्याच जाहिरातीत नसते. आपल्या गावातले बाकीचे फोटोग्राफर काय वापरतात? मोठ्या लग्नाचे काम घेणारा दुसऱ्याला दिवसावर बोलावतो तेव्हा आपल्याच कंपनीचा कॅमेरा असलेला माणूस शोधतो, म्हणजे लेन्स अदलाबदल होतात आणि रंग जुळवत बसावे लागत नाही. तुमची महिन्याची आठ दिवसांची मजुरी अशा एका सोनीवाल्याकडून येत असेल, तर सोनी घेणे हा त्या रोजगाराचा खर्च आहे. याच्या उलट, चुलतभाऊ आणि शेजारी निकॉनवर असतील तर एकट्याने पलीकडे जाऊन मागायला लेन्स उरणार नाही. दोघातिघांनी मिळून एक लांब लेन्स शिरकतीत घ्यावी, हेही एकच माउंट असेल तरच जमते. अशी शिरकत तोंडी ठेवू नये. देणेघेणे लिहून ठेवण्याची ताकीद सूर-ए-बकरहमध्ये किती तपशीलाने आली आहे, ते आपणा सर्वांना माहीत आहे.

फ्लॅशचा खर्च वाचवण्याची एक युक्ती आहे. स्टुडिओचे दिवे आणि गोडॉक्सचे रेडिओवर चालणारे फ्लॅश स्टँडवर ठेवून वापरत असाल तर ते विकू नयेत. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा ट्रिगर तेवढा नव्या कंपनीचा घ्यावा, दिवे तेच चालतात.

पैसा कुठून आणावा

‘नो कॉस्ट ईएमआय’ या पाटीने अनेकांना भुलवले आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही गोष्ट प्रत्यक्षात नसते. चाल अशी की दुकानदार व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतो आणि बँक तेवढे व्याज हप्त्यात घेते. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये ते व्याज म्हणूनच छापून येते आणि त्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो. हे सूद आहे की नाही, याचा फैसला स्टेटमेंटचा तो कागद मुफ्तीसाहेबांपुढे ठेवून करून घ्यावा. दुकानदाराच्या शब्दावर करू नये. ज्यांना यातून दूर राहायचे आहे त्यांच्यासाठी मोहल्ल्यातली बीसी आहे, काही ठिकाणी बैतुलमालकडून कर्ज-ए-हसना मिळते. आणि सर्वात सोपे म्हणजे बदल टप्प्याने करणे. अॅडॉप्टरचा रस्ता त्यासाठीच बरा आहे. त्यात यंदा बॉडी आणि पुढच्या वर्षी लेन्स असे करता येते. कंपनी बदलताना सगळे एकदम घ्यावे लागते, आणि एकदम घेण्याच्या गरजेतूनच माणूस हप्त्याकडे ढकलला जातो.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी नवे घेताना बिल आपल्या नोंदणी क्रमांकावर घ्यावे. १ जानेवारी २०१९ पासून कॅमेऱ्यावरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. नियमित नोंदणीवाल्याला त्याची वजावट मिळू शकते, कंपोझिशनवाल्याला नाही. वजावट घेतलेला कॅमेरा पुढे विकताना कर भरावा लागतो, तेव्हा विकण्याआधी आपल्या हिशोबनिसाला विचारावे. बिनबिलाचा ग्रे माल काही हजारांनी स्वस्त पडतो, पण त्यावर भारतातली हमी मिळत नाही. आपल्या गावापासून कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे कंपनी निवडण्यापूर्वीच पाहून ठेवावे. हंगामात दुरुस्तीला गेलेला कॅमेरा तीन आठवडे आला नाही तर स्वस्ताईचा नफा तिथेच संपतो.

जुन्यात घेताना शटर किती वेळा चालला हे विचारावे. डी-७५० चा शटर दीड लाखापर्यंत तपासलेला, ए-७ मार्क थ्रीचा दोन लाखांपर्यंत. लग्नात दोन हजार फोटो आणि वर्षाला ६० लग्ने धरली तर एका वर्षात १,२०,००० होतात. त्यामुळे लग्नवाल्याची दोन वर्षे वापरलेली बॉडी आणि हौशी माणसाची पाच वर्षांची बॉडी यांत दुसरी बरी. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला सापडतो. लेन्स उजेडाकडे धरून आत पांढरट जाळे दिसते का पाहावे. ती बुरशी. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती हमखास लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे हा तिच्यावर सोपा उपाय आहे.

आपले विकताना हाच दोष आपणहून दाखवावा. धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढल्याची हदीस व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. बुरशी सांगून विकलेल्या लेन्सचे हजार-दोन हजार कमी येतील. लहान गावात घेणाराही फोटोग्राफरच असतो, आणि उद्या तोच कामाला बोलावणार असतो.

वेळ कोणती निवडावी, हे शेवटी. हंगामाच्या तोंडावर बदल करू नये. आपली लग्ने रमजानमध्ये थांबतात, हिंदू बांधवांची चातुर्मासात. त्या मोकळ्या दिवसांत नवा कॅमेरा घेऊन घरातल्या माणसांवर, बाजारात, रात्रीच्या उजेडात महिनाभर हात बसवावा. बटणे उलट्या जागी असतात, आणि निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसवतात त्याच्या उलट दिशेने सोनीची. जुनी बॉडी आणि तिच्यावरची एक चांगली लेन्स मात्र पहिला पूर्ण हंगाम विकू नये. तिचे पैसे आधीच हिशोबात धरले असतील तर तेवढे दुसरीकडून उभे करावेत, किंवा बदल पुढच्या वर्षावर टाकावा.